म्हशीकडे वळलेली सुई

केजहून येणारी जीप मला फाट्यावर उतरवून पुढे निघून जायची. तिचा आवाज वळणाआड गेला की माळावर इतकी शांतता व्हायची, की आपण खरंच उतरलोय की अजून गाडीतच पेंगतोय, हे कळायला थोडा वेळ लागायचा. फाट्यावरून शाळा दिसत नसे. आधी दिसायचं ते कडुलिंबाचं एकटं झाड, आणि त्याच्या रोखानं चालत राहिलं की बुंध्याशी शाळेचे पत्रे हळूहळू वर यायचे. त्या वाटेनं मी काही वर्षं रोज गेले. अजूनही कधी दुपारी डोळा लागला, तर पुष्कळदा मी त्याच वाटेवर असते.

वस्ती लहान होती. माळाच्या अंगाला जनावरं राखणाऱ्यांची घरं आणि खाली ओढ्याच्या काठानं शेती करणाऱ्यांची. शाळेला खोल्या दोनच. मोठी मुलं सरांकडे असायची आणि पहिली ते तिसरीची लहान मुलं माझ्याकडे. थंडीच्या दिवसांत आम्ही खोलीत फारसे बसतच नसू. दाराबाहेर सतरंजी टाकायची, ऊन जसं सरकेल तशी सतरंजी सरकवायची, आणि शाळा सुटेपर्यंत आम्ही सगळे भिंतीच्या या टोकापासून त्या टोकाला गेलेले असू.

त्या वर्षी दिवाळीनंतर मला मुलांना लोहचुंबक शिकवायचं होतं. शाळेच्या पेटीत एक पट्टीचं चुंबक होतं, पण ते इतकं म्हातारं झालेलं की टाचणी उचलायचं आणि मध्येच सोडून द्यायचं. मग मी केजमध्ये स्टँडमागच्या गल्लीत लाउडस्पीकर भाड्यानं देणाऱ्याकडे गेले. त्याच्याकडे कुठल्याशा वरातीत जळालेला एक स्पीकर पडला होता. लहान मुलांना दाखवायचंय म्हटल्यावर त्यानं तो फोडून आतलं चुंबक काढून दिलं. काळं, गोल, मध्ये भोक असलेलं, हातात घेतलं की मनगट खाली जाईल एवढं जड. ते पर्समध्ये टाकून मी जीपमध्ये बसले आणि फाट्यावर उतरताना पर्स काही केल्या येईना. ती सीटच्या दांडीला घट्ट धरून बसली होती. शेजारच्या बाईनं हात लावला तेव्हा कुठं सुटली.

वर्गात मी काहीच सांगितलं नाही. चुंबक सतरंजीच्या मध्ये ठेवलं आणि आजूबाजूला टाचण्या, खडू, काचेच्या बांगडीचा तुकडा, खिळे, बटणं असं काय काय पसरून बाजूला बसले. मुलं आधी नुसतीच बघत राहिली. मग एकानं खिळा जवळ सरकवला. काही अंतरावर तो खिळा आपण होऊन हलला आणि टक्कन जाऊन चिकटला. मुलांचे चेहरे तेव्हा जसे झाले, तसे मी नंतर कधी पाहिले नाहीत. कुणी ओरडलं नाही. सगळी पुढे वाकली आणि श्वास धरून दुसऱ्या खिळ्याची वाट बघू लागली.

नंतर त्यांनी ते शाळाभर फिरवलं. खिडकीचे गज, दाराची कडी, हातपंपाचा दांडा, सरांच्या सायकलची चाकं, सगळ्याला ते चिकटलं. खिचडीच्या स्टीलच्या ताटलीला मात्र चिकटेना. त्यावर मुलांनी मला घेरलं. स्टील हे लोखंड नाही का, मग चिकटत का नाही? मला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. घरी जाऊन वाचून आले आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, की स्टीलमध्ये लोखंडाबरोबर दुसरे धातूही मिसळलेले असतात, आणि ताटलीचं स्टील अशा मिसळीचं असतं की चुंबकाचं तिच्यावर काही चालत नाही. ते त्यांना पटलं की नाही कोण जाणे. पुढचे कितीतरी दिवस खिचडी खाऊन झाली की एखादं पोरगं हळूच चुंबक ताटलीला लावून बघायचंच.

तिसरीत एक मुलगी होती. तिच्याविषयीच मला हे सगळं सांगायचंय. ती माळावरच्या घरांपैकी एका घरातली. वडील टोळीबरोबर ऊस तोडायला गेलेले, घरी आई आणि आजा. दर वर्षी आईही वडिलांबरोबर जायची आणि मुलीलाही न्यायची, त्यामुळे पहिली-दुसरीत ती दिवाळीनंतर शाळेत दिसतच नसे. या वर्षी घरात म्हैस होती. म्हशीचं करायला कुणीतरी हवं म्हणून आई मागे राहिली, आणि आई राहिली म्हणून मुलगी राहिली. बोलायची फार कमी. पण कुठलीही गोष्ट हातात घेतली की ती डोळ्यांजवळ नेऊन इतका वेळ बघायची, की बाकीची मुलं कंटाळून पुढे निघून जायची.

तिनं एक दिवस घरून म्हशीच्या गळ्यातली घंटा आणली. घंटा पितळेची, तिला चुंबक चिकटलं नाही. पण बाहेरून चुंबक टेकवल्याबरोबर आतला लोखंडी लोळा एका बाजूला ओढला गेला आणि तिथंच राहिला. तिनं घंटा हलवली, घंटा वाजेना. चुंबक काढलं, वाजली. पुन्हा लावलं, मुकी झाली. त्या दुपारी ती लिंबाच्या सावलीत बसून किती वेळ हेच करत होती. एक घंटा मध्येच वाजते, मध्येच थांबते, बाकी सगळीकडे ऊन आणि शांतता. मला वर्ग घ्यायचा होता, पण मी तिला उठवलं नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही ओढ्यावर गेलो. चुंबकाला दोरी बांधून ते प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि कोरड्या वाळूवरून ओढत नेलं. वर काढलं तेव्हा पिशवीला काळी, बारीक, दाढीसारखी लव फुटली होती. आमचा डोंगर काळ्या दगडाचा, त्याच्या झिजलेल्या कणांमध्ये लोखंडाचा अंश असतो. पाणी ते कण वाहून आणून वाळूत मिसळतं. मी मुलांना म्हटलं, हा आपला डोंगरच आहे, बारीक झालेला. मग त्यांनी ती काळी पूड कागदावर घेतली आणि खालून चुंबक फिरवलं. पूड उभी राहिली, वाकली, गोल झाली, पुन्हा पसरली. मुलं पाण्यात पाय सोडून बसली होती. बगळे येऊन जात होते. शाळा सुटायची वेळ टळून गेली, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

तिथंच मी त्यांना दाखवलं, की मध्ये काही आलं तरी चुंबकाची ओढ पलीकडे पोचते. कागदातून पोचते, पाटीतून पोचते, पाण्यातून पोचते. मग एकेकाच्या तळहातावर टाचणी ठेवली आणि हाताखाली चुंबक धरलं. टाचणी उभी राहिली. त्या मुलीची पाळी आली तेव्हा तिनं हात मागे घेतलाच नाही. टाचणी तिच्या तळव्यावर थरथरत उभी होती.

"माणसातूनबी जातंय," ती हळूच म्हणाली.

त्यानंतर ती दोन-चार दिवस आली नाही. मला वाटलं, गेली ऊसतोडीला. मग एका सकाळी मी वाटेवर असतानाच ती समोरून पळत आली. पायात चप्पल नव्हती. माझ्याजवळ येऊन थांबली आणि दम लागलेला असतानाच तिनं विचारलं, "म्याडम, म्हशीतून जातंय का?"

मला आधी काही समजेना. हळूहळू तिच्याकडून कळलं. म्हैस खाईना झाली होती. रवंथ करत नव्हती, पाठ वर काढून उभी राहायची, पाण्याला नेताना उतारावर पाय टाकायला नको म्हणायची. शेजारी घरकुलाचं बांधकाम चालू होतं. सळया बांधायच्या बारीक तारेचे तुकडे सगळीकडे पडलेले, आणि कडबा बारीक कापून त्याची कुट्टी तिथंच बाजूला केलेली. म्हशीनं कुट्टीबरोबर तार गिळली, असं आजा म्हणत होता. आईला वाटत होतं दृष्ट लागली. तिनं मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या होत्या. मुलीचं म्हणणं एवढंच, की शाळेतलं चुंबक द्या, मी बाहेरून लावते आणि तार काढते.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर गेले. चुंबक तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. म्हैस गोठ्यात पुढचे पाय फाकवून उभी होती, डोळे अर्धे मिटलेले, श्वास सोडताना बारीक कण्हत. मुलगी सरळ तिच्या पोटाशी गेली आणि चुंबक टेकवायला लागली, तेव्हा मी तिचा हात धरला. तार खरंच आत असेल तर ती कुठं आहे, तिचं टोक कुणीकडे आहे, आपल्याला ठाऊक नाही. चुकीच्या बाजूला ओढली गेली तर आणखी टोचेल. हे मी तिला सांगितलं. तिनं चुंबक खाली ठेवलं, पण मला तिच्या नजरेला नजर देववेना. चुंबक सगळ्यातून ओढतं, हे तिला मीच शिकवलं होतं.

आई चुलीशी बसून होती. मला म्हणाली, "बाई, म्हैस गेली तर आमाला टोळीवर जावं लागल. पोरीला कुठं ठिवू?"

मी तिथूनच केजच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. आवाज नीट येत नव्हता, म्हणून मी गोठ्यामागच्या टेकाडावर चढले. खाली म्हैस, तिच्याजवळ ती मुलगी, धुराचा एक पट्टा घरावरून ओढ्याकडे चाललेला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि सकाळी येतो म्हणाले.

ते पाटोद्याकडचे होते, वयानं माझ्यापेक्षा मोठे, बोलणं सावकाश. मोटारसायकल लावून आधी त्यांनी म्हशीभोवती एक चक्कर मारली, हात मात्र लावला नाही. मग तिच्या खांद्यामागची कातडी चिमटीत धरून दाबली. निरोगी जनावर अशा वेळी पाठ खाली नेतं. हिनं नेली नाही, उलट कण्हली. त्यांनी ताप पाहिला, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, तार किंवा खिळा असावा असं वाटतंय, पण हृदयापर्यंत गेलेला दिसत नाही. म्हैस गाभण होती, पोटातला गर्भ वाढत होता आणि मागून दाब येत होता, त्यानंही तार पुढं सरकली असेल.

मुलगी त्यांच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली होती. तिनं त्यांनाही तोच प्रश्न विचारला. चुंबकानं निघंल का? मला वाटलं ते हसतील. त्यांनी बॅग उघडली आणि बोटाएवढी, दोन्ही टोकांना गोल केलेली, गुळगुळीत एक कांडी काढून तिच्या हातात दिली. तिनं ती स्वतःच्या पायातल्या पैंजणाजवळ नेली, मग दारातल्या कोयत्याजवळ. कोयत्याला कांडी अशी बसली की तिला ओढून काढायला दोन्ही हात लावावे लागले.

हे चुंबक म्हशीला गिळायला द्यायचं, असं डॉक्टर म्हणाले. जनावराच्या पोटात पुढच्या बाजूला जाळीसारखा एक कप्पा असतो. जड वस्तू त्यात जाऊन बसतात. चुंबकही तिथंच जाईल.

आईला ते काही पटेना. "आधीच लोखंड खाल्लंय, वरून अजून लोखंड चारायचं. मंग ते निघल कसं?"

"निघणार न्हाई," डॉक्टर म्हणाले. "चुंबक तारेला आपल्याजवळ ओढून घील आन् तिथंच धरून ठिवल. टोचू द्यायचं न्हाई, एवढंच त्याचं काम. लई आत घुसली नसंल तर म्हैस वाचंल. मी छातीठोक सांगत न्हाई."

आजानं म्हशीचं तोंड धरलं, डॉक्टरांनी कांडी जिभेच्या मागे सोडली. म्हशीनं ती गिळली. मुलीनं कान तिच्या कुशीला लावला, जणू आत पडल्याचा आवाज येणार होता. मग डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली आणि सांगितलं, पुढचे पाय उंचावर राहतील असा ओटा करा, म्हणजे आतलं सगळं मागे कलेल. आजानं आणि आईनं फळ्या टाकून त्यावर माती चोपली. मीही पदर खोचून माती टाकली. त्या दिवशी शाळेत उशिरा पोचले ते हात तसेच मातीचे घेऊन.

पुढचे दिवस कसे गेले ते मला धूसर आठवतं. धुकं पडायचं. शाळेची सगळी मुलं मधल्या सुट्टीत माळावर जायची आणि म्हैस बघून यायची. म्हैस तशीच उभी असायची, पुढचे पाय ओट्यावर, मान वर, एखादा डोंगर चढायला निघून मध्येच थांबल्यासारखी. मुलगी शाळेत येत नव्हती आणि मी बोलावणं पाठवलं नाही. डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन जायचे. वर्गात मी मुलांना बेरजा शिकवत असे, आणि बोलता बोलता माझं लक्ष माळाकडे जायचं. आपण काय शिकवतो आणि ते या मुलांच्या घरात कुठपर्यंत जाऊन पोचतं, याचा मी आधी कधी विचार केला नव्हता.

मग एका सकाळी सतरंजी टाकत असताना ती आली. दप्तर पाठीला, केसांना तेल. आपल्या जागेवर बसली आणि पाटी काढता काढता म्हणाली, "रवंथ करायलीय."

मी खाली बसले. पहिलीतली एक मुलगी सरकत तिच्याजवळ गेली आणि तिला टेकून बसली.

म्हैस हळूहळू सावरली. आधी थोडी ओली वैरण खाल्ली, मग उताराला न कचरता ओढ्यापर्यंत गेली. डॉक्टर म्हणाले, आता धोका टळला, पण चुंबक तिच्या पोटात जन्मभर राहणार. ते ऐकून मुलांना नवीनच काळजी लागली. ते अजून आत आहे कशावरून? शेणाबरोबर पडलं असलं तर?

मी अंबाजोगाईहून एक छोटं होकायंत्र आणलं. वर्गात आधी ते सगळ्यांना दाखवलं. सुई कशी उत्तरेकडे थांबते, डबी कितीही फिरवली तरी ती कशी परत तिथंच येते. मग आम्ही सगळे माळावर गेलो. दुपार कलली होती. म्हैस गोठ्याबाहेर बांधली होती, तोंड चालू होतं. मी ती डबी मुलीच्या हातात दिली. लांब उभी राहून तिनं सुई स्थिर होऊ दिली. मग एक एक पाऊल टाकत ती म्हशीच्या डाव्या बाजूनं, पुढच्या पायामागून जवळ गेली. सुई थोडी थरथरली. अजून जवळ गेल्यावर सुईनं उत्तर दिशा सोडली आणि हळूहळू, जड डोळ्यांनी कुणी मान वळवावी तशी, म्हशीच्या कुशीकडे वळली.

म्हशीच्या रवंथाचा आवाज तेवढा येत होता. मग एकेकाला पाळी मिळाली. प्रत्येकानं लांबून सुरुवात केली, जवळ गेलं, सुई वळताना पाहिली आणि डबी पुढच्याच्या हातात दिली. आई भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. तिनं हात पुसले आणि डबी मागून घेतली. ती म्हशीच्या उजव्या अंगानंही जाऊन आली, मागून गेली, पुन्हा डाव्या बाजूला आली. सुई वळली तेव्हा तिनं दुसरा हात म्हशीच्या कुशीवर ठेवला आणि तो बराच वेळ तिथंच राहिला.

"हितं हाय," ती म्हणाली, "धरून बसलंय."

नंतर त्या घरात एक नवीन रीत पडली. स्पीकरचं ते चुंबक मी मुलीलाच देऊन टाकलं होतं. आजानं ते एका काठीच्या टोकाला बांधलं आणि रोज वैरण टाकायच्या आधी मुलगी ते कुट्टीतून फिरवायची. पहिल्याच दिवशी तारेचे तुकडे निघाले, एक वाकडा खिळाही निघाला. मग शेजारच्या गोठ्यातून बोलावणं आलं, मग ओढ्याकाठच्या घरांमधून. थंडी सरेपर्यंत सकाळच्या उन्हात ती काठी घेऊन या दारातून त्या दारात जाताना दिसायची, मागे वस्तीतली दोन-तीन बारकी पोरं. शाळेत मात्र वेळेवर यायची.

वडील ऊस संपवून परतले, तेव्हा म्हशीचे दिवस भरत आले होते. ते शाळेत मला भेटायला आले, दारातच उभे राहिले. पोरीला पुढंही शाळेत ठेवणार का, एवढं मी विचारलं. ते म्हणाले, ठेवू, तिची आई आता इथंच राहणार.

उन्हाळी सुट्टी लागायच्या थोडं आधी म्हैस व्याली. रेडी झाली. दुसऱ्या दिवशी आई डोक्यावर पातेलं घेऊन शाळेत आली. पहिल्या दुधाचा चीक, गूळ घालून शिजवलेला, अजून कोमट. आम्ही सगळे सतरंजीवर गोल बसलो आणि तिनं प्रत्येकाच्या ताटलीत एकेक वडी ठेवली. मुलगी सांगत होती, रेडी कशी पडली, कशी उठली, कशी पुन्हा पडली. एवढं बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकत होते. ऊन चढलं होतं, लिंबाला मोहोर होता आणि त्याचा वास सगळीकडे भरला होता. खाऊन झाल्यावर पहिलीतली पोरं तिथंच एकमेकांच्या अंगावर कलंडली, झोपली. मी घंटा दिली नाही. आई रिकामं पातेलं मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली होती. मीही तिच्याजवळ सरकले, आणि आम्ही दोघी तशाच मुलं उठायची वाट बघत बसलो.